फरशीचं दूध आणि स्विस जावई

७ ऑक्टोबर १९६३, सोमवार

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत फक्त घडलेलं लिहायचं, वाटलेलं लिहायचं नाही, असा नियम मीच केला आहे. त्यामुळे वाटलेलं साचत गेलं आणि आज पोटात मावेना. म्हणून ही वही.

आज संचालकांनी बोलावलं. शेजारी उपसंचालक मिकुल्स्की पायावर पाय टाकून बसला होता. त्याला मी प्रत्यक्षात ‘साहेब’ म्हणते. या वहीत म्हणणार नाही.

निकाल असा: मार्चमध्ये वॉर्सातून समिती येणार. तिच्या डोळ्यांसमोर आमचं फरशीचं दूध तयार झालं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं, तर प्रयोगशाळा राहील. फाटलं, तर प्रयोगशाळा बंद. मग उर्सुला साबणाच्या शेडमध्ये, एला गोदामावर, ओतिल्या मिकुल्स्कीच्या हाताखाली आणि मी संध्याकाळच्या शाळेत फोरमन लोकांना आम्ल आणि अल्कली शिकवायला.

“चार हुशार बायका एका खोलीत कोंडून ठेवण्यात कारखान्याचा काय फायदा?” मिकुल्स्की म्हणाला. त्याच्या खोलीत तर एकही हुशार नाही, त्याचा फायदा कुणाला होतो ते मी विचारलं नाही.

आमचं दूध म्हणजे मेण आणि पाणी. आपल्याकडच्या लाकडी फरश्यांना टर्पेंटाइनचं पॉलिश लावायचं तर बायकांचं डोकं धरतं, गुडघे झिजतात आणि शेजारी कुणी काडी ओढली तर घर पेटतं. आमचं दूध ओतायचं, फडकं फिरवायचं, की झालं. अडचण एवढीच, की मेण आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. घुसळलं की तासभर गोडीगुलाबी, मग वर मेणाचे गोळे आणि खाली पाणी.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज परत फाटलं.

उर्सुला म्हणाली, “बाई, नका जिवाला लावून घेऊ. मेणाला सवय व्हायला वेळ लागतो.” उर्सुला पन्नाशीची आहे, युद्धाआधीची पदवीधर, आणि मेणातलं तिला माझ्याहून जास्त कळतं. पण ती मेणाबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तशी बोलते. एलाची जीभ तिखट आणि हात अचूक. ओतिल्या गेल्या वर्षीच पॉलिटेक्निकातून आली, अजून मी खोलीत शिरले की उभी राहते. मला ते आवडतं, पण तसं मी तिला सांगितलेलं नाही.

पाचवा सभासद म्हणजे स्वित्झर्लंडहून आलेलं घुसळणयंत्र. मंत्रालयाच्या हातापाया पडून मिळालेलं. त्याला थंडी वाजू नये म्हणून उर्सुलाने लोकरीचं टोपडं विणलं आहे, त्याच्याशेजारी कुणी मोठ्याने दार लावत नाही, आणि सगळं झाल्यावर त्याला गरम पाण्याने, सोड्याने न्हाऊ घालतात. एलाने त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं. मी आक्षेप घेतला होता. आता मीही तेच म्हणते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

टिकलं!

सकाळी घुसळलेलं दूध संध्याकाळी तसंच्या तसं, पांढरंशुभ्र, साय नाही की गोळा नाही. मी तीनदा जाऊन बघितलं. तिसऱ्यांदा एलाने विचारलं, “बाई, पाळणा आणू का?”

आज उर्सुलाचा नामदिन होता, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा दिवस; आपल्याकडे तो वाढदिवसासारखा करतात. मी नेहमीप्रमाणे आठला पोहोचले, तर तिघी आधीच हजर. बॉयलर आठला पेटतो, त्याआधी नळाला बर्फासारखं पाणी, तरी ओतिल्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या आणि बोटं लालभडक. स्वच्छतेची आवड असावी तर अशी. खोलीत मोहरीचा वास होता. उर्सुलाची पाठ परत धरली असणार, लेप लावून आली असेल बिचारी.

दुपारी सॅलड खाल्लं. बटाटा, गाजर, वाटाणे, खारवलेली काकडी, अंडं. नामदिन म्हटला की जे असतं तेच. पण मेयोनेज! लोण्यासारखं, चमच्यावर उभं राहणारं. माझं मेयोनेज जन्मात कधी जमलं नाही. तेल घातलं की फाटतं. घरी मेयोनेज फाटतं आणि इथे दूध, असं माझं नशीब. उर्सुलाला कृती विचारली तर ती एकदम लाल झाली आणि म्हणाली, “हाताचा गुण असतो बाई.” स्तुतीने लाजणारी बाई आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

तेच मेण, तेच पाणी, तीच वजनं. वजनं तर मीच करते, कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. फाटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

मला वाटतं ट्राम कारणीभूत आहे. रस्त्यावरून ट्राम गेली की जावयाच्या पायाखालचं टेबल थरथरतं. एकवीस तारखेला ट्राम कमी गेल्या असतील का? वाहतूक कचेरीत विचारायला गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “तुमची बॅग राहिली का ट्राममध्ये?” मी म्हटलं, माझं दूध फाटतं. त्याने मला शेजारच्या खिडकीकडे पाठवलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

परत टिकलं! आज एलाचा नामदिन.

आज मुद्दाम ट्राम बघितल्या. भरपूर गेल्या, एक तर घंटा वाजवत उभीच राहिली. म्हणजे ट्राम निर्दोष. वाहतूक कचेरीत जाऊन माफी मागायला हवी होती, पण त्या खिडकीतल्या माणसाचं तोंड आठवलं.

कचऱ्याच्या डब्यात अंड्यांची टरफलं दिसली. ओतिल्या घरून न खाता येते वाटतं. एकट्या पोरीने खोली भाड्याने घेऊन राहायचं म्हणजे असंच. तिला म्हटलं, “सकाळचं अंडं घरी खाऊन यावं.” ती उभी होती ती आणखी ताठ झाली. एलाला खोकल्याची उबळ आली.

सॅलड उत्तम. मेयोनेज उर्सुलाच्या वेळेसारखंच. म्हणजे हाताचा गुण दोघींकडे आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

फाटलं. नवीन संशय हवेच्या दाबावर. बॅरोमीटर आणला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

टिकलं. आज ओतिल्याचा नामदिन, म्हणून सॅलड आणि खसखशीचा केक. बॅरोमीटर सव्वीस तारखेला होता तिथेच आहे, म्हणजे तोही निर्दोष.

पण आज मन खट्टू आहे. मी पाच मिनिटं आधी पोहोचले, तर तिघी जावयासमोर ओळीने उभ्या, माझ्याकडे तोंड करून, पाठीमागे काहीतरी लपवत. उर्सुलाच्या हातात टोपडं. “बाई, आज लवकर?” एला म्हणाली. जसं काही मीच चुकीच्या जागी आले.

माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. मिकुल्स्कीने काल ओतिल्याला कॉफी पाजली म्हणे. बुडत्या जहाजातून उतरायची व्यवस्था करत असतील, तर मी त्यांना दोष देत नाही. पण मला सांगायचं तरी.

१४ डिसेंबर, शनिवार

मिकुल्स्की न सांगता आला. टेबलावर कालच्या बशा होत्या, धुवायच्या राहिलेल्या.

“वा! मी प्रयोगशाळा समजून आलो, हे तर हॉटेल निघालं,” तो म्हणाला. “समितीला मेनू कार्ड देणार का?”

तो गेल्यावर मी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, आजपासून प्रयोगशाळेत नामदिन बंद. सॅलड बंद, केक बंद. एला म्हणाली, “आणि हसायचं? त्याचा अर्ज कुणाकडे करायचा?” मी बशा धुवायला सांगितल्या. घरी येऊन मात्र मला खूप वाईट वाटलं.

८ जानेवारी १९६४, बुधवार

फाटलं. काल फाटलं, परवा फाटलं. नाताळनंतर एकदाही टिकलेलं नाही. यंत्र लखलखीत आहे, शिस्त कडक आहे, मोहरीचा वाससुद्धा नाही. उर्सुलाची पाठ बरी झाली, तेवढंच एक सुख.

१७ जानेवारी, शुक्रवार

नोंदवही चाळताना उमगलं आणि खुर्चीतून उठलेच. जे तीन दिवस टिकलं, ते तिन्ही नामदिनाचे दिवस!

मी शास्त्रज्ञ आहे, योगायोगावर माझा विश्वास नाही. त्या तीन दिवशी आणि इतर दिवशी फरक एकच होता. बायका खुशीत होत्या. खुशीत हात हलका पडतो, घुसळण एकसारखी होते, मेण हळुवार ओतलं जातं. इतकं साधं! आणि मी नेमकी खुशीच बंद केली.

पण नामदिन परत चालू करणं शक्य नाही. मिकुल्स्कीच्या पुढ्यात शब्द फिरवला तर त्याला आयुष्यभर पुरेल. खुशी दुसऱ्या मार्गाने आणायला हवी.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी विनोद सांगितला. मला एकच येतो, आगगाडीतल्या बिशपचा, आणि त्याचा शेवट मला ऐन वेळी आठवेना. तिघी वाट बघत राहिल्या. शेवटी उर्सुलाने विचारलं, “मग बिशप उतरला का, बाई?” मी म्हटलं, उतरला असेल. दूध फाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

ओतिल्याच्या पोशाखाची स्तुती केली. ती घाबरून आरशात बघून आली. दूध फाटलं.

घरी जाताना जिन्यात एलाचा आवाज ऐकू आला: “बाईंना काहीतरी झालंय ग. आज मलासुद्धा ‘छान दिसतेस’ म्हणाल्या. डॉक्टरला दाखवायला हवं.”

६ फेब्रुवारी, गुरुवार

उपासाचे दिवस लागण्याआधीचा गुरुवार. आज अख्खा देश पाँचकी, म्हणजे तळलेले गोड पाव, खातो. मी पहाटे बेकरीच्या रांगेत उभी राहून मोठी टोपली भरून आणली, आतमध्ये गुलाबाचा जॅम असलेली. बंदी फक्त नामदिनाला आहे, पाँचकीला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. काय खुश झाल्या तिघी! एलाच्या नाकाला साखर लागली, उर्सुला गाणं म्हणायला लागली, ओतिल्या पहिल्यांदाच माझ्यासमोर बसून राहिली. मीही तीन खाल्ली. इतकी खुशी या खोलीत कधीच नव्हती.

दूध अर्ध्या तासात फाटलं, नेहमीपेक्षाही लवकर.

खुशीचा सिद्धांत मेला. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि तोंडावर साखर आहे हे बाहेर आल्यावर कळलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

समिती तीन मार्चला येणार. दुसरी कुठलीही तारीख चालली असती. तीन मार्च म्हणजे संत कुनेगुंदेचा दिवस, आणि माझं नाव कुनेगुंदा. हे इथे कुणालाही माहीत नाही. दारावरच्या पाटीवर मी फक्त ‘कु.’ लिहिलं आहे. शाळेत या नावाने पोरांनी मला इतकं पिडलं, की मोठी झाल्यावर मी हा दिवस कधी पाळलाच नाही.

तिघींची कुजबूज परत चालू आहे. मी आले की गप्प होतात. आज ओतिल्या कॅलेंडरसमोर उभी होती, मला बघून पान उलटलं. नव्या नोकरीची तारीख बघत असणार. मी चिडले नाही. फक्त एवढंच वाटलं, की तेरा वर्षं या खोलीत काढली आणि तिच्या शेवटच्या आठवड्यात मला ‘बाई, असं असं आहे’ म्हणून सांगावंसं कुणाला वाटत नाही.

१ मार्च, रविवार

ठरवलं. प्रयोगशाळा जायचीच असेल तर एकदा तरी मी त्यांना सॅलड खाऊ घालणार. बंदी मी घातली, मीच मोडणार. नामदिनाचा आहे असं सांगायची गरज नाही.

३ मार्च, मंगळवार

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या माझाच यावर विश्वास बसणार नाही.

पहाटे भाज्या चिरल्या. मेयोनेज करायला बसले. फाटलं. दुसरं केलं, तेही फाटलं. समितीच्या दिवशी! उरलेली अंडी, तेल, मोहरी आणि बटाट्यांचं पातेलं घेऊन सात वाजता प्रयोगशाळेत गेले. मनात होतं, तिथे काचेच्या दांड्याने हळूहळू फेटू.

खोलीत कुणी नव्हतं. जावई टोपड्यात झोपला होता.

मी लिहितेय ते लाजेने लिहितेय. मंत्रालयाच्या हातापाया पडून आणलेल्या, गरम पाण्याने न्हाणाऱ्या त्या यंत्रात मी, प्रयोगशाळेची प्रमुख, दोन अंड्यांचा बलक, चमचाभर मोहरी आणि तेल ओतलं आणि कळ दाबली. क्षणात मेयोनेज! चमच्यावर उभं राहणारं, लोण्यासारखं. अगदी उर्सुलाच्या...

मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. अगदी उर्सुलाच्या मेयोनेजसारखं.

तेवढ्यात दार उघडलं. तिघी दारात. उर्सुलाच्या पिशवीत अंडी, एलाच्या हातात तेलाची बाटली, ओतिल्याच्या हातात मोहरीची बरणी आणि ट्युलिपची जुडी. त्या माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे.

“बाई,” शेवटी एला म्हणाली, “जावयाला न्याहारी?”

“तुम्ही कशाला आलात एवढ्या लवकर?” मी जमेल तितक्या कडक आवाजात विचारलं. हातात मेयोनेजचा चमचा असताना फार जमत नाही.

“तुमचा नामदिन ना आज,” ओतिल्या म्हणाली. “पगारपत्रकावर पूर्ण नाव असतं, बाई. आम्ही महिनाभर ठरवतोय. बंदी आहे म्हणून तुम्ही यायच्या आत सॅलड करून झाकून ठेवणार होतो.”

“कशात करणार होतात?”

तिघींनी जावयाकडे बघितलं.

“दर वेळी?” मी विचारलं.

उर्सुला मान खाली घालून म्हणाली, “हाताने माझंही फाटतं, बाई. कितीदा सांगायचं मनात आलं, पण धीर झाला नाही. आणि आम्ही धुतलंय हं प्रत्येक वेळी! फक्त गरम पाणी नसायचं. गार पाण्याने धुवायचो, घाईघाईने.”

“उर्सुलाताई,” ओतिल्या हळूच म्हणाली, “अंड्याचा बलक. तेल आणि पाणी धरून ठेवतो तो.” आणि मग ती रडकुंडीला आली. “हे मी परीक्षेत लिहिलं होतं!”

आम्ही चौघींनी परीक्षेत लिहिलं होतं. चौघींकडे मिळून किती पदव्या आहेत ते आज मोजायचं नाही. पाच महिने मी ट्रामच्या, हवेच्या आणि बिशपच्या मागे लागले होते आणि उत्तर माझ्याच बशीत होतं, मी दोनदा वाढून घेतलेलं.

घड्याळाकडे बघितलं. साडेसात. बॉयलर अजून थंड, समिती साडेआठला. ओतिल्या घाईने बाह्या वर सारून यंत्राकडे धावली.

“ओतिल्या,” मी म्हटलं, “जावयाला नीट न्हाऊ घालू नकोस. नेहमीसारखं, गार पाण्याने, घाईघाईने.”

साडेआठला समिती आली, मागून मिकुल्स्की. मी मेण वजन केलं, पाणी मोजलं, जावयाने घुसळलं. दूध पांढरंशुभ्र उतरलं. मिकुल्स्की दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि मी त्याच्याकडे. तास झाला, दोन झाले. दुपारी समितीचे अध्यक्ष, म्हातारे प्रोफेसर बेल्झा, दुधाकडे बघायचं सोडून सॅलडच्या पातेल्याकडे बघायला लागले.

“समितीने वाट बघायची तर समितीला भूक लागते,” ते म्हणाले. दोन बशा खाल्ल्या. मग चमच्यावरचं मेयोनेज उजेडात धरून विचारलं, “हे इतकं घट्ट कसं हो उभं राहतं? माझ्या बायकोचं तर फाटतं.”

उर्सुलाने जावयाकडे बघितलं.

“तेच आमच्या दुधात आहे, प्रोफेसरसाहेब,” मी म्हटलं. “आजचं दूध खरं माना, पण पूर्ण मानू नका. आज त्यात बलक किती गेला ते आम्हाला माहीत नाही. उद्यापर्यंत थांबा. लखलखीत धुतलेल्या यंत्रात वजन करून दाखवते.”

मिकुल्स्की पुढे सरसावला. “माहीत नाही म्हणजे? ही कल्पना सुचली तरी कशी तुम्हाला?”

“विचारपूर्वक,” एला म्हणाली.

प्रोफेसर हसले. किती कळलं त्यांना कोण जाणे, पण तिसरी बशी त्यांनी स्वतः वाढून घेतली.

४ मार्च, बुधवार

काल सकाळचं दूध आज सकाळीही तसंच. मग बलक वजन करून तीनदा घुसळलं, तिन्ही वेळा टिकलं. समितीने सही केली. प्रयोगशाळा राहते, चौघी राहतात. अंड्याऐवजी सोयाबीनमधून काढलेला तसाच पदार्थ वापरून बघा, अशी प्रोफेसरांची सूचना आहे. अंड्यांचं पॉलिश म्हटलं की गृहिणी ते फरशीवर ओतणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

कोनाड्यात स्वयंपाकासाठी वेगळं हातयंत्र आणून ठेवलं. दारावरच्या पाटीवरचा ‘कु.’ ओतिल्याने न विचारता खोडला आणि पूर्ण नाव लिहिलं. मी बघितलं आणि पाटी तशीच राहू दिली.

२४ जुलै, शुक्रवार

संत कुनेगुंदेचे कॅलेंडरात दोन दिवस असतात, एक मार्चमधला आणि एक आजचा. दुसरा मी कुणाला सांगितला नव्हता. बायकांना उगाच सवय लागू नये म्हणून.

आठला पोहोचले. खोलीत मोहरीचा वास होता.